पाऊस कुठाय?

चित्रपट चांगला की वाईट यावरून भांडणारी माणसं घरोघरी असतात. आमचं त्याबाबतीत सहसा एकमत होतं. आमची भांडणं होतात ती डिस्कच्या परीक्षणावरून. एखाद्या जुन्या चित्रपटाची ब्ल्यू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढची डिस्क, निघते, कुणीतरी तिचं परीक्षण लिहितं, आणि ते परीक्षण धड आहे की नाही यावरून मी आणि माझा मेहुणा बोलेनासे होतो. हिला बिचारीला दोघांशीही बोलावं लागतं.

परवाच्या परीक्षणाचंच घ्या. सुरुवातीचे पाच परिच्छेद कथानक. चित्रपट इतका जुना, की ज्याने पाहिलाय त्याला ते पाठ. ज्याने नाही पाहिला त्याला शेवटही सांगून टाकलेला. पुढचा परिच्छेद नायकाविषयीच्या जिव्हाळ्याचा. मग आपण डिस्कबद्दल लिहायला बसलोय हे एकदम आठवल्यासारखं : ‘चित्र अगदी स्वच्छ, जणू कालच चित्रीकरण झालंय. पाचपैकी साडेचार तारे. आवाजही छान. चार.’ संपलं! अर्धा तारा कशासाठी कापला ही त्यात एकच सांगण्याजोगी गोष्ट होती, आणि नेमकी तीच गाळली होती.

मेहुण्याला मात्र परीक्षण बेहद्द आवडलं.

“किती मुद्देसूद लिहिलंय बघा, भावोजी. उगाच कीस नाही काढलेला.”

कीस मी काढतो, असं त्याला सुचवायचं होतं. सुचवायचं कसलं, वाक्याच्या शेवटी त्याने सरळ माझ्याकडे बोट केलं.

बरं, काढतो कीस. फिल्मवर चित्र उमटतं तेच मुळी चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांतून. प्रत्येक फ्रेममध्ये कणांची मांडणी वेगळी. सेकंदाला 24 फ्रेम पळाल्या की पडद्यावर सूक्ष्म वळवळ दिसते, तो ग्रेन. डीव्हीडीच्या 720 बाय 480 किंवा 576 ठिपक्यांत त्याचा नुसता गढूळपणा व्हायचा. 2006 मध्ये ब्ल्यू-रे आली, ठिपके 1920 बाय 1080 झाले, आणि ग्रेन स्वच्छ दिसू लागला. दिसू लागताच लोक ओरडले, की एवढी नवी डिस्क घेतली आणि मुंग्या कसल्या? मग काही कंपन्यांनी सॉफ्टवेअर लावून ग्रेन पुसायला घेतला. आता पुसणाऱ्याला ग्रेन कुठला आणि सुरकुती कुठली हे काय कळणार? ग्रेनबरोबर कोटाची वीण गेली, केसांच्या बटा गेल्या, कपाळावरच्या आठ्या गेल्या. साठीचा खलनायक नुकताच फेशियल करून आल्यासारखा दिसायला लागला.

“गेल्या तर गेल्या मुंग्या,” मेहुणा म्हणाला. “तुम्हाला त्यांचा एवढा लळा का?”

शेवटी ठरलं, की डिस्क लावूनच बघायची, आणि ती त्याच्या घरी लावायची, कारण टीव्ही त्याचा मोठा. इथेच मी निम्मा हरलो होतो. त्याचा टीव्ही दुकानातून आला तसाच ‘व्हिविड’ या भडक रंगांच्या सेटिंगवर. गवत असं हिरवं, की त्याच्यावर गाई सोडायचं धाडस कुणी करू नये. शिवाय ‘मोशन’ नावाचं काहीतरी चालू. दोन खऱ्या फ्रेमच्या मधे टीव्ही स्वतःच्या मनाने एक-दोन फ्रेम घुसवतो, म्हणजे हालचाल गुळगुळीत होते आणि मोठमोठ्या शोकांतिका रोजच्या मालिकेसारख्या दिसू लागतात. टीव्हीने असं डोकं चालवू नये म्हणून 2019 मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ नावाची सोय जाहीर झाली. ती त्याच्याही टीव्हीत होती, मेनूच्या पार तळघरात. मी खोदून काढली. दोन मिनिटं त्याने सहन केली.

“पिवळं दिसतंय.”

“असंच असतं ते. डोळ्यांना सवय होईल.”

“काविळीचीही होते,” असं म्हणून त्याने पुन्हा व्हिविड लावलं.

तर आता सांगा, परीक्षण लिहिणाऱ्या गृहस्थांनी ते चित्र कशावर पाहिलं? किती अंतरावरून? त्यांचा टीव्हीही व्हिविडवर होता का? मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन केलंय, की गावोगावी फिरून झिजलेली प्रिंट वापरलीय, की जुनाच मास्टर, म्हणजे पूर्वी कधीतरी करून ठेवलेली प्रत, नव्या डब्यात भरलाय? यातलं एक अक्षर नाही. हे न सांगता दिलेला तारा मी मानत नाही, मग तो अर्धा असो की पाच. याच गृहस्थांनी मागे एका डीव्हीडीतून ‘तब्बल पाच मिनिटं कापली’ म्हणून गहजब केला होता. कापलं काहीच नव्हतं. ती ‘पाल’ या युरोप-भारताकडच्या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी होती. त्या पद्धतीत सेकंदाच्या 24 फ्रेम 25 च्या वेगाने पळवतात, त्यामुळे दोन तासांचा चित्रपट साधारण पाच मिनिटं आधीच आटोपतो. पात्रं थोडी घाईत असतात आणि थोडी वरच्या पट्टीत बोलतात, एवढंच.

हे सगळं मी मेहुण्याला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकलं, आणि मग म्हणाला, “तुम्हाला आवडतात ती परीक्षणं मी वाचलीत. त्यात बिटरेटचा आलेख असतो, नायिकेची पापणी चारशे टक्के मोठी करून दाखवलेली असते, आणि चित्रपट हसायचा की रडायचा हे शेवटपर्यंत कळत नाही.”

यात तथ्य नाही असं नाही. पण मेहुण्याशी वाद चालू असताना तथ्य मान्य करायची आमच्यात पद्धत नाही.

एवढ्यात पावसाचा प्रसंग आला. नायक भर पावसात पुलावर उभा राहून पत्र वाचतो, तो. माझ्याकडच्या जुन्या डीव्हीडीत तिथे धो धो पाऊस आहे. अंधूक, धुरकट, पण आहे. या ब्ल्यू-रेत छत्री होती, निथळणारे केस होते, बुटांना चिखल होता, शाई ओघळलेलं पत्र होतं. पाऊस नव्हता.

“पाऊस कुठाय?” मी विचारलं.

मेहुण्याने पॉज केलं. उठून पडद्याजवळ गेला. चष्मा पुसला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

“थांबला असेल.”

“छत्री उघडी आहे.”

“लोक नंतरही थोडा वेळ उघडी ठेवतात.”

झालं होतं ते उघड होतं. जे एका फ्रेममध्ये आहे आणि मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही, ते धूळ काढणारं सॉफ्टवेअर कचरा समजतं. पावसाचा थेंब काही पुढच्या फ्रेमपर्यंत त्याच जागी थांबत नाही. कुणी लक्ष ठेवलं नाही तर धुळीबरोबर तोही जातो. अख्खा पाऊस पुसला गेला होता, आणि साडेचार तारे देणाऱ्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं!

“कदाचित,” मेहुणा म्हणाला, “अर्धा तारा त्याचाच कापला असेल.”

यावर मी काय बोललो ते सोडा. ही आतून म्हणाली, “हळू, शेजारी ऐकतायत.”

सासरे इतका वेळ कोपऱ्यात पेपर वाचत बसले होते. आमचा आवाज वाढल्यावर त्यांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं.

“वर-खाली काळं कशाने झालंय?”

“ते तसंच असतं, बाबा,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

“पूर्ण टीव्हीचे पैसे दिलेत ना?”

“मूळ चित्रच रुंद आहे,” मेहुणा म्हणाला. “2.39 ला 1.”

“म्हणून पडद्याचा चौथा हिस्सा काळा दिसणारच,” मी म्हणालो.

“त्यात लबाडी काही नाही, बाबा. दिग्दर्शकाने तसंच योजलंय.”

“अगदी बरोबर बोलतोय हा,” मी म्हणालो. असं मी त्याच्याबद्दल लग्नाच्या बोलणीतही म्हटलं नव्हतं.

बाबांनी रिमोट उचलला आणि झूम दाबलं. काळ्या पट्ट्या गेल्या. बरोबर दोन्ही बाजूंचा मिळून चौथा हिस्साही गेला. नायक-नायिका टेबलाच्या दोन टोकांना बसली होती. आता डाव्या कडेला एक नाक, उजव्या कडेला दुसरं नाक आणि मधोमध फुलदाणी. आणाभाका चालू होत्या, त्या फुलदाणीच घेतेय असं वाटत होतं.

“बाबा, नको ना!” मेहुणा कळवळला. मी तर खुर्चीतून उठलोच.

“आता कसं भरलेलं दिसतंय,” बाबा म्हणाले, आणि रिमोट मांडीखाली ठेवून त्यांनी चित्रपट शेवटपर्यंत पाहिला.