रीस्टार्ट निम्म्या वेळात? फिरत्या संदेशातील पाच युक्त्यांचा प्रतिवाद

विंडोज वापरणाऱ्यांमध्ये एक संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. पाच बदल केले की संगणक रीस्टार्ट होण्याचा वेळ निम्म्यावर येतो, असा त्याचा दावा आहे. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये प्रोसेसरची संख्या जास्तीत जास्त ठेवावी, प्रीफेच फोल्डर रिकामे करावे, बूट मेनूची (कोणती ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करायची हे विचारणाऱ्या यादीची) प्रतीक्षा ३० सेकंदांवरून ३ सेकंदांवर आणावी, रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंग जिथे साठवल्या जातात त्या रजिस्ट्रीतील जुन्या नोंदी काढणारा प्रोग्रॅम) चालवावा आणि सर्व्हिस (पडद्यामागे चालणारे प्रोग्रॅम) बंद होण्यासाठीची मुदत १ सेकंद करावी, असे ते बदल आहेत. पूर्वी रीस्टार्टला दीड मिनिट लागत असे आणि आता संगणक बंद करून चालू केला की २० सेकंदांत डेस्कटॉप दिसतो, हा त्यासोबत दिलेला पुरावा. संदेश पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु पाचपैकी दोन बदलांनी बहुतेक संगणकांवर काहीच घडत नाही, उरलेल्या तिन्हींनी नुकसान होऊ शकते, आणि पुरावा म्हणून सांगितलेली तुलना मुळातच चुकीची आहे.

आधी पुराव्याकडे पाहू, कारण सर्वांचा विश्वास त्यानेच बसतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आहे. ती चालू असताना आपण 'शट डाउन' निवडले, तर आपले प्रोग्रॅम बंद होतात, मात्र कर्नेल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम) यांची मेमरीतील स्थिती डिस्कवरील हायबरनेशन फाइलमध्ये साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत वाचली जाते. 'रीस्टार्ट' निवडल्यावर मात्र सारे पहिल्यापासून उभे केले जाते. हे मुद्दामच तसे ठेवलेले आहे, कारण अपडेट आणि नवे ड्रायव्हर लागू होण्यासाठी जुनी स्थिती पुसली जाणे आवश्यक असते. म्हणजे संदेशातील दीड मिनिट एका क्रियेचे आहे आणि २० सेकंद दुसऱ्याच क्रियेचे. पाचांपैकी एकही बदल न करता हा फरक कोणालाही दिसला असता. खात्री करायची असेल तर संगणक शट डाउन करून पुन्हा चालू करावा आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावरील 'अप टाइम' (संगणक किती वेळ चालू आहे तो आकडा) पाहावा. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर तो आकडा शून्यावर आलेला नसतो. रीस्टार्टनंतर मात्र तो नव्याने मोजला जातो.

तुलना करायचीच असेल, तर रीस्टार्टची रीस्टार्टशीच करावी, तीही तीन-चार वेळा. बदल केल्यानंतरची पहिली नोंद सोडून द्यावी, कारण त्या फेरीत अपडेटची उरलेली कामे किंवा नव्याने करावी लागणारी वाचने मिसळलेली असू शकतात. डेस्कटॉप दिसला की काम संपले, असेही समजू नये, कारण त्यानंतरही बराच काळ डिस्क धावत असते. विंडोजमधील घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधील 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' नोंदवहीत १०० क्रमांकाची नोंद डेस्कटॉपपर्यंतचा वेळ आणि त्यानंतर यंत्र स्थिरावेपर्यंतचा वेळ वेगवेगळा देते. माझ्या मते स्टॉपवॉचपेक्षा ही नोंद कितीतरी भरवशाची आहे.

आता बदलांकडे वळू. प्रोसेसरच्या संख्येचा पर्याय वेग वाढवण्यासाठी नाही. कमी कोअरवर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-विभागांवर) एखादा ड्रायव्हर कसा वागतो हे तपासता यावे, म्हणून ती वरची मर्यादा घालण्याची सोय आहे. त्या चौकटीत खूण नसेल तर विंडोज उपलब्ध सर्व कोअर वापरते. त्यामुळे कमाल आकडा निवडून काहीही मिळत नाही, आणि चुकून कमी आकडा निवडला गेला तर संगणक तेवढ्याच कोअरवर चालू लागतो.

प्रीफेच फोल्डरविषयीचा गैरसमज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. विंडोज एक्सपीपासून असलेले हे फोल्डर कचरा साठवत नाही. संगणक सुरू होताना आणि प्रत्येक प्रोग्रॅमच्या पहिल्या सुमारे दहा सेकंदांत कोणत्या फाइलींचे कोणते भाग वाचले गेले, याची नोंद त्यात असते. पुढच्या वेळी ते भाग डिस्कवरील क्रमाने आधीच मेमरीत आणले जातात, म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कच्या वाचनशीर्षाला इकडून तिकडे कमी धावावे लागते. फोल्डर रिकामे केले की ही माहिती नाहीशी होते आणि विंडोजला ती पुन्हा गोळा करावी लागते. तोवर संगणक उलट मंद चालतो. फोल्डर फुगत जाईल ही भीतीही निराधार आहे, कारण विंडोज ८ पासून या फाइलींची संख्या १०२४ वर, आणि त्यापूर्वी १२८ वर, आपोआप मर्यादित ठेवली जाते.

बूट मेनूची प्रतीक्षा संगणकावर एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिम असतील तरच घडते. एकच असेल तर मेनू दिसतच नाही, मग वाचणार काय? रजिस्ट्री क्लीनरने काढलेल्या जुन्या नोंदी सुरू होताना बहुधा वाचल्याही जात नसतात. चुकून एखादी आवश्यक नोंद गेली, तर मात्र प्रोग्रॅम बिघडतो.

सर्व्हिसची मुदत घटवण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. सध्याच्या विंडोजमध्ये ही मुदत ५००० मिलिसेकंद असते आणि ती कमाल मर्यादा आहे. सर्व्हिस अर्ध्या सेकंदात आवरली, तर विंडोज उरलेले साडेचार सेकंद थांबून राहत नाही. मुदत १ सेकंद केली, तर फटका नेमका त्यांनाच बसतो ज्यांना आवरायला खरोखर वेळ हवा असतो, उदाहरणार्थ डिस्कवर लिहीत असलेला डेटाबेस. रीस्टार्टचा बंद होण्याचा भाग लांबत असेल, तर आधी सांगितलेल्या नोंदवहीत २०३ क्रमांकाच्या नोंदीत विलंब करणाऱ्या सर्व्हिसचे नाव सापडते. उपाय त्या एका सर्व्हिसवर करावा.

मग सेकंद जातात कुठे? फिरती हार्ड डिस्क असेल, तर बहुतांश तिथेच. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एका फेरीस ८.३३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग शीर्षाखाली येण्यास सरासरी ४.१७. शीर्ष हलवण्याचे आठ-नऊ मिलिसेकंद त्यात मिळवले, तर विखुरलेली वाचने सेकंदाला ८० च्या आसपासच होतात. अशी १०,००० वाचने करायची झाली तर दोन मिनिटे गेली. एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) एका वाचनास ०.१ मिलिसेकंद धरले, तर तीच वाचने एका सेकंदात उरकतात. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवण्याचा, पाचही युक्त्यांत नसलेला हा एक बदल त्या सर्वांहून मोठा परिणाम करतो.

एसएसडी आधीच असेल, तर टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपची यादी पाहावी. सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदाहून अधिक वेळ घेणारे किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन करणारे प्रोग्रॅम तिथे 'हाय' असे दाखवले जातात. त्यांतील नको ते बंद केल्यास प्रोग्रॅम काढला जात नाही, तो फक्त आपोआप सुरू होत नाही, आणि केव्हाही पूर्ववत करता येतो. त्याच पानावर वर दिसणारा 'लास्ट बायॉस टाइम' हा विंडोज सुरू होण्याआधी फर्मवेअरने (मदरबोर्डवरील प्राथमिक प्रोग्रॅमने) घेतलेला वेळ आहे. तोच मोठा असेल, तर विंडोजमधील कोणताही बदल त्याला कमी करू शकत नाही. त्यासाठी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन बूट डिव्हाइसचा क्रम आणि फास्ट बूटचा पर्याय तपासावा लागतो.