कोहळा फोडायचा, पण पालखीही न्यायची

परवा रात्री कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. रंकाळ्यावर मित्रांबरोबर बसला होता आणि मागं चौघं-पाचजण एकदम भांडत होते. विषय होता ‘स्टार वॉर्स’मधला खलनायक डार्थ व्हेडर. १९८३च्या सिनेमात तो शेवटी सम्राटाला उचलून दरीत फेकतो, मुलाला वाचवतो, मरतो आणि मग सज्जनांच्या शेजारी तेजाळ होऊन उभा दिसतो. भाचा चिडला होता. ‘‘आत्या, अख्खा ग्रह उडवला तेव्हा तिथंच उभा होता की हा! स्वतःचं पोरगं वाचवलं म्हणून सगळं माफ?’’ मी समजवायला गेले, तर म्हणाला, ‘‘तू तिकडं राहून लई मऊ झालीस.’’

त्याचा राग मला पटतो. अशा गोष्टीत मरण ही पळवाट असते. ज्यांची घरं जाळली त्यांच्या गल्लीतून दुसऱ्या दिवशी चालत जायची वेळ त्या माणसावर येत नाही.

पण त्याच्या मित्रांचं ‘एकदा वाईट तो कायमचा वाईट’ मात्र मला मान्य नाही. टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ कादंबरीतला, एका अंगठीच्या हावेनं बिघडलेला गोलम आठवा. डोंगरातल्या जिन्यावर ती अंगठी घेऊन निघालेला फ्रोडो आणि त्याचा मित्र सॅम झोपलेत. गोलम त्यांना दगा द्यायची सगळी तयारी करून परत येतो. झोपलेल्या फ्रोडोकडं बघत राहतो. त्याच्या डोळ्यांतली हाव विझते, क्षणभर तो नुसता थकलेला, म्हातारा जीव उरतो, आणि थरथरता हात हळूच फ्रोडोच्या गुडघ्यावर ठेवतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि खेकसतो. संपलं. तो क्षण पुन्हा येत नाही. सॅमचं चुकलं असं मी म्हणणार नाही, मित्राच्या काळजीपोटीच तो ओरडला. पण दर वेळी त्या पानावर आले की वाटतं, अरे, जरा थांबायचंस. तोवर फ्रोडोनं गोलमला माफ केलं नव्हतं, फक्त जगू दिलं होतं. संधी देणं वेगळं आणि माफी देणं वेगळं. आपल्याकडच्या वादात ही दोन्ही एकाच पोत्यात भरली जातात.

मी हॅम्बुर्गमध्ये राहते. इथल्या फुटपाथवर, घरांच्या दारासमोर, नाझींनी नेलेल्या माणसांच्या आठवणीचे, वर पितळी पत्रा असलेले दहा सेंटीमीटरचे ठोकळे बसवलेले आहेत. ‘इथं राहत होती’, खाली नाव, जन्मसाल, कुठल्या छावणीत नेलं ते. गुंटर डेमनिग या कलाकारानं १९९२ मध्ये हे काम सुरू केलं. नोव्हेंबरात लोक गुडघ्यावर बसून ते घासून लख्ख करतात. मारणाऱ्याचं पुढं काय झालं, तो सुधारला का, हे त्या ठोकळ्यावर नसतं. काल्पनिक कथांत मला हेच खटकतं. खलनायकाच्या आत्म्याचं काय होणार यासाठी शेवटची पन्नास पानं, आणि जळालेल्या गावाला एक ओळ.

मग आपलं गाव आठवतं. कोल्हासुरानं मरताना देवीकडं मागितलं की या जागेला माझं नाव राहू दे. अंबाबाईनं दिलं. आपण सगळे एका असुराच्या नावाच्या गावचे! पण नाव दिलं म्हणून कोहळा फोडायचा थांबला नाही. दर ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथं असुराच्या नावानं तो फुटतो आणि तुकड्यासाठी झुंबड उडते. वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती बघितलीय.

आणि ती पालखी टेकडीवर जाते कशाला? असुराशी लढताना त्र्यंबोली, म्हणजेच टेंबलाई, मदतीला आली, पण विजयाच्या सोहळ्यात तिला बोलवायचं राहून गेलं. ती रुसली, गावाकडं पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. चूक साक्षात अंबाबाईची. तिनं निरोप धाडला नाही, स्वतः गेली. अजून दरवर्षी जाते. व्हेडरच्या गोष्टीत मला हा चढ कुठं सापडत नाही.

हे सगळं भाच्याला सांगितलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘यंदा पंचमीला जातो. कोहळ्याचा व्हिडिओ पाठवू?’’

कोहळ्याचा नको, म्हटलं. पालखी टेकडी चढतानाचा पाठव.