बेसी डिलेनी 'पहिली' नव्हती

बेसी डिलेनीबद्दल एक मजकूर फिरत असतो. मथितार्थ असा: ही अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री डेंटिस्ट, स्वभाव तापट म्हणून लग्न झालं नाही, आणि लग्न नाही म्हणून १०४ वर्षं जगली. कौतुकानेच लिहिलंय, पण चुकीचं लिहिलंय.

आयडा ग्रे ही कृष्णवर्णीय स्त्री मिशिगन विद्यापीठातून दंतवैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडली १८९० साली. बेसीचा जन्मच १८९१चा. न्यूयॉर्क राज्यापुरतं बोलायचं तरी परवाना मिळालेली ती दुसरी कृष्णवर्णीय स्त्री. 'दुसरी' लिहिलं की कुणी फॉरवर्ड करत नाही, एवढंच.

लग्नाचं म्हणाल, तर थोरली बहीण सेडी शांत, गोड बोलणारी. तीही अविवाहित. ती १०९ वर्षं जगली. मग तापटपणाचा संबंध कुठे आला? नवऱ्यांचा ताप नव्हता म्हणून आम्ही टिकलो, हा दोघींचा विनोद होता. लोकांनी त्याचा सिद्धांत केला. दोघी रोज कच्चा लसूण खात, कॉड माशाचं तेल घेत आणि चक्क योगासनं करत, हे मात्र आपल्याकडच्या फॉरवर्डमधूनही गळतं. नवल आहे.

राहिला स्वभाव. तापट होतीच. पण कशावर? वडील गुलामगिरीत जन्मलेले, पुढे बिशप झाले. नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली शहरातल्या बागेत पाण्यावर गोरे-काळे अशी पाटी लागली, तेव्हा या पोरीने गोऱ्यांच्या बाजूचा पाणी घ्यायचा डाव उचलून पाणी प्यायलं. पुढे शिक्षिका असताना जॉर्जियातल्या वेक्रॉस स्टेशनवर, कृष्णवर्णीयांच्या वेटिंग रूममध्ये एक दारूडा गोरा डोकावून चाळे करू लागला. तिने त्याला गप्प बसून आपल्या लोकांत जाऊन बसायला सांगितलं. त्याने आरडाओरडा करून गर्दी जमवली. त्या काळात एवढ्यावरून झाडाला टांगत. गाडी आली म्हणून वाचली.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दंतवैद्यकी शिकताना तिच्या एका कामाला नापास शेरा मिळाला. एका गोऱ्या मैत्रिणीने तेच काम स्वतःच्या नावावर देऊन पाहिलं. पास! अशा ठिकाणी न चिडणाऱ्या माणसाचं मला जास्त आश्चर्य वाटलं असतं.

आणि ही 'तापट' बाई पेशंटशी कशी वागली? १९२३ साली पदवी मिळाल्यावर तिने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत दवाखाना थाटला. भाऊ हॅपही डेंटिस्ट, त्याच्यासोबत. लोक तिला 'डॉ. बेसी' म्हणत. दात साफ करायचे दोन डॉलर, चांदी भरायचे पाच. मध्ये मंदी आली, महायुद्ध झालं, भाव कुठल्या कुठे गेले. १९५० साली तिने काम थांबवलं, तेव्हाही दोन आणि पाचच.