कॅनडाचे ‘राक्षसी’ लांडगे आणि रद्द झालेला कॅम्प

माझी धाकटी बहीण अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला असते. परवा तिचा फोन आला तो रडकुंडीला येऊन. सांगलीहून तिच्याकडे राहायला गेलेल्या सासूबाईंनी नातवाचा त्याच राज्यातल्या डोंगराळ ग्रँड काउंटीतला कॅम्प रद्द करायला लावला. कारण व्हॉट्सॲपवर एका मेलेल्या लांडग्याच्या फोटोसकट आलेला एक मेसेज: ‘सरकारने कॅनडातून 90 किलोचे राक्षसी लांडगे आणून कोलोरॅडोत सोडले. यलोस्टोनमधली हरणं त्यांनी संपवली, आता गुरं संपवताहेत, नुसती मजा म्हणून मारतात. पुढचा नंबर मुलांचा.’

मुलांचंच आधी घेते, कारण पोराचा कॅम्प त्यापायी गेला. नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेने 2021 मध्ये जगभरातल्या लांडग्यांच्या हल्ल्यांचा अहवाल काढला. 2002 ते 2020 या काळात अख्खा युरोप आणि उत्तर अमेरिका मिळून 14 माणसांवर हल्ले झाले, त्यांतली दोघं दगावली. त्यांतलं कुणीही कोलोरॅडोतलं नाही. सासूबाईंची भीती उगाच आलेली नाही, हे मला कळतं. 2024 मध्ये उत्तर प्रदेशात बहराइचला लांडग्यांनी लहान मुलं उचलून नेली, त्या बातम्या त्यांनी महिनाभर टीव्हीवर पाहिल्या. पण तिथे दार नसलेल्या घरांतून, अंगणातल्या खाटेवरून झोपलेली मुलं गेली. ती गरिबीची गोष्ट आहे. ती उचलून रॉकीच्या डोंगरात नेऊन ठेवायची आणि आजीला घाबरवायचं, याचा मला संताप येतो.

आता ‘राक्षसी’. 1995 आणि 1996 मध्ये वायोमिंगमधल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात कॅनडातून आणलेले 31 लांडगे सोडले, हे खरं. पण तिथल्या नराचं वजन सरासरी 50 किलोच्या आसपास भरतं. मेसेजमधला फोटो नीट बघा: मेलेला लांडगा कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरलाय आणि माणूस हात लांबवून मागे उभा आहे. म्हणून तो वासराएवढा दिसतो. आणि ‘परका’ म्हणाल तर कॅनडाचे लांडगे त्याआधीच स्वतःच्या पायांनी सीमा ओलांडून आले होते. 1986 मध्ये माँटानातल्या ग्लेशियर उद्यानात त्यांना पिल्लं झाली, तेव्हा कुणीही कुठे काही सोडलेलं नव्हतं. कोलोरॅडोत डिसेंबर 2023 मध्ये सोडलेले पहिले 10 लांडगे तर ओरेगनचे. कॅनडाचे 15 आले ते जानेवारी 2025 मध्ये.

हरणं, म्हणजे एल्क. यलोस्टोनच्या उत्तर भागात ती 19,000 वरून 4,000 च्या खाली गेली, खरं आहे. पण त्याच काळात अस्वलं वाढली, दुष्काळ पडला आणि उद्यानाबाहेर एल्कच्या माद्या मारायचे परवाने शिकाऱ्यांना वर्षानुवर्षं वाटले गेले. माँटानात आणि वायोमिंगमध्ये आज प्रत्येकी लाखावर एल्क आहेत. संपली कुठे?

‘मजा म्हणून’ याला पुरावा एकच फिरतो: 2016 मध्ये वायोमिंगला बोंडुरांटजवळ एका रात्रीत 19 एल्क मारले आणि खाल्ले नाहीत. घडलंय ते. पण ती जागा सरकारी गवत टाकून हिवाळ्यात एल्क गोळा करण्याची होती, म्हणजे शिकार आयतीच समोर. एरवी बहुतेक वेळा लांडग्याची शिकार हुकते.

गुरांबद्दल मात्र मला निम्मं कबूल करावं लागतं. अमेरिकी कृषी खात्याची 2015 ची आकडेवारी सांगते की प्रौढ गुरांच्या मृत्यूंपैकी शिकारी प्राण्यांमुळे होणारे 2.4 टक्के आणि वासरांच्या 11.1 टक्के. त्यातही पहिला नंबर कोयोटीचा, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्याचा, लांडगा बराच मागे. बाकी सगळं आजारपण, थंडी, अडलेली गाय. पण सरासरी काढली की ज्याच्या रानात कळप ठाण मांडून बसलाय त्याचं दुःख दिसत नाही. कोलोरॅडोत लांडगे परत आणायचे का, यावरच्या 2020 च्या मतदानात ‘हो’ जेमतेम 51 टक्के मतांनी जिंकलं. मतं डेन्व्हरसारख्या शहरांनी दिली आणि वासरं डोंगरापलीकडच्यांची गेली. राज्य एका जनावरामागे 15,000 डॉलरपर्यंत भरपाई देतं. घाबरलेल्या गाई गाभण राहिल्या नाहीत, तर त्याचीही भरपाई मागता येते. पण रात्र रात्र जागून राखण केली, ते त्यात कसं भरून निघणार? हा राग खरा आहे, आणि त्यावर बोलायलाच हवं. ‘पुढचा नंबर मुलांचा’ म्हटलं की ते बोलणं राहून जातं.

बहिणीला म्हटलं, कॅम्पवाल्यांना फोन कर, जागा असेल अजून. आणि सासूबाईंना सांग, पोराच्या तंबूत लाडू-चिवडा तेवढा ठेवू नका. तिथे अस्वलं येतात.