तीन वर्षं चालवा आणि घेतल्या भावात विका? जरा थांबा

भाच्यानं परवा घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. तुमच्याकडेही फिरत फिरत आला असेल, मला आतापर्यंत चौघांनी पाठवलाय. म्हणणं असं की नवी गाडी घेणारा वेडा. जुनी परफॉर्मन्स गाडी घ्या, तीन वर्षं हौस भागवा आणि घेतल्या भावात विका. त्यासाठी चार गोष्टी बघायच्या: मॉडेल बंद झालेलं हवं, रनिंग कमीत कमी हवं, आधीच्या मालकानं रीमॅप (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) आणि जोरदार आवाजाचा एक्झॉस्ट केलेला असेल तर सोन्याहून पिवळं, आणि जमलं तर गाडी दिल्लीहून आणायची. खाली भाच्याची पुरवणी, "मामा, बघ ना, फायद्याचंच आहे."

मी स्वतः आयुष्यात एकदाच नवी गाडी घेतली, बाकी सगळ्या जुन्या. त्यामुळे हौसेला माझा विरोध नाही. पण या चार गोष्टींपैकी एकही जशीच्या तशी खरी नाही.

पहिली, बंद झालेल्या मॉडेलचा भाव चढतो ही. बडोद्याच्या माणसानं तरी ही थाप ऐकून घेऊ नये. हालोल इथून चाळीसेक किलोमीटरवर. तिथल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात शेव्हरोले क्रूझ बनायची. दोन लिटरचं डिझेल, सुरुवातीलाच दीडशे पीएस ताकद, एक्सप्रेसवेवर पाय दाबला की सीटला पाठ चिकटायची. २०१७च्या एप्रिलमध्ये तो कारखाना थांबला, वर्षअखेर कंपनीनं भारतात गाड्या विकणंच बंद केलं. क्रूझ दुर्मीळ झाली, पण भाव चढला नाही, कोसळला. कारण उघड आहे. सेन्सर गेला, बंपर फुटला तर जायचं कुठं, हा प्रश्न गिऱ्हाइकाच्या मनात आधी येतो.

याउलट फोक्सवॅगनची पोलो. तीही २०२२मध्ये बंद झाली, तरी तिच्या जोरदार जीटी आवृत्तीला, गाडी चांगली असेल तर, आजही मागणी आहे. कंपनी इथंच आहे, आणि शेवटच्या पोलोतल्या एक लिटर टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनाच्या घराण्यातलंच इंजिन व्हर्टस, टायगुन, स्लाव्हिया, कुशाकमध्ये चालू आहे. म्हणजे बघायचं ते मॉडेल बंद झालं का हे नाही, कंपनी गेली का हे. मेसेजमध्ये उदाहरण दिलंय स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएस २४५चं. ते मान्य. २०२०मध्ये देशात २०० गाड्या आल्या, ३५.९९ लाखांना, हातोहात गेल्या आणि भाव टिकवून आहेत. पण अख्ख्या देशातल्या दोनशे गाड्यांवरून सगळ्या जुन्या गाड्यांचा नियम काढायचा, हे म्हणजे लक्ष्मी विलास राजवाड्याकडे बघून दांडिया बाजारातल्या घरांचा भाव सांगण्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट कमी रनिंगची, आणि खरी ठेच इथंच लागते. गेल्या वर्षी मी एक टर्बो पेट्रोल हॅचबॅक बघायला गेलो होतो. पाच वर्षांची, मीटरवर अठरा हजार, रंग चकचकीत, आतमध्ये अत्तराचा भपकारा. अत्तर इतकं कशाला, म्हणून मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू पूर्ण बाहेर ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती, चहाच्या कपात गाळ बसतो तशी. मग सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघितले, गंजलेले. डिकीतली स्टेपनी उचलली तर खाली वाळलेला बारीक चिखल. दलाल म्हणाला, "काका, ते वॉशिंगचं पाणी." वॉशिंगचं पाणी सीटबेल्टच्या गुंडाळीत जात नाही.

२०२४च्या ऑगस्टअखेर बडोद्यात विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी २५ फूट असताना. समा, अकोटा, फतेहगंज भागांत पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, पण टोटल लॉस म्हणजे भंगार झालीच असं नाही. कुणीतरी उचलतो, धुतो, वायरिंग जोडतो आणि विकतो. अशा गाडीचं रनिंग कमीच असणार, सहा महिने ती गॅरेजात पडून होती!

पाण्यात न गेलेलीही नुसती उभी राहिली की बिघडतेच. रबर कडक होतं, सील गळतात, टायर म्हातारे होतात. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ सालातला बत्तिसावा आठवडा. अठरा हजार चाललेल्या गाडीला गेल्या वर्षीचे चार नवे टायर दिसले तर विचारावं, जुने अठरा हजारांतच झिजले का? मीटर मागं फिरवता येतं, पण झिजलेलं स्टीअरिंग, गुळगुळीत झालेलं क्लच पेडल आणि सर्व्हिस सेंटरमधली नोंद फिरवणं अवघड. मला पासष्ट हजार चाललेली, दर सर्व्हिसचं बिल असलेली गाडी अठरा हजारवालीपेक्षा केव्हाही चालेल.

तिसरी, रीमॅप. मेसेज म्हणतो, आधीच्या मालकाचा खर्च तुम्हाला फुकटात पडला. खरं म्हणजे त्यानं हौस केली आणि झीज तुमच्या गळ्यात मारली. ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयचं उदाहरण घ्या. तिच्यातला सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरासाठी, बनवलेला आहे, आणि कंपनीनं इंजिनही बरोबर २५०वरच बांधून ठेवलंय. रीमॅप केलं की पहिल्याच दिवशी ती रेघ ओलांडली. आरएसचा गिअरबॉक्स वेगळा, ऑइलमधला क्लच, तो जास्त सोसतो, पण त्याचं ऑइल वेळेवर बदललंय का हे बिलावरच कळतं. विकताना बरेच जण मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात. कंपनीच्या स्कॅनरवर त्याची खूण अनेकदा सापडते, म्हणून व्यवहाराआधी स्कॅन करून घ्यावा. न कळवलेला बदल सापडला की विम्याचा क्लेमही अडकू शकतो. आणि पुढचं गिऱ्हाईक स्टॉक, म्हणजे काहीही न बदललेली गाडीच शोधत असतं. आवाजाची हौस असेल तर स्वतः करा, मूळ सायलेन्सर मात्र माळ्यावर जपून ठेवा.

दिल्लीबद्दल फार लिहीत नाही. तिथल्या गाड्या स्वस्त झाल्या त्या दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी तिथं चालवू न देण्याच्या नियमामुळं. सहा वर्षांच्या पेट्रोल टर्बोला त्या नियमाची झळ नाही, मग ती स्वस्त का, हे आधी विचारा. वर दिल्लीहून गाडी हलवायची एनओसी, गुजरातचा टॅक्स, नवा नंबर, आणि दिल्लीच्या टॅक्सच्या परताव्यासाठी खेटे.

मेसेजनं विम्याचं नावही काढलेलं नाही. गाडी चार वर्षांची झाली की तिची विम्यातली किंमत नव्याच्या निम्म्यावर येते, पाच वर्षांनंतर कंपनीशी बोलून ठरते. बाजारात तुम्ही हौसेपोटी कितीही मोजा, चोरी झाली तर हातात विम्यातलाच आकडा पडणार.

भाच्याचा अजून हट्ट आहे. २०२१ची पोलो एक लिटर टीएसआय, मॅन्युअल, स्टॉक, बडोद्याचाच नंबर, एक मालक. कागदावर तरी मला आवडली. रविवारी सकाळी सातला बघायला जायचंय. मालकाला सांगून ठेवलंय, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर मी आधी बॉनेटवर हात ठेवणार. गरम लागलं, म्हणजे थंड इंजिनाची खोट लपवायला गाडी आधीच सुरू केलेली, तर सेवउसळ खाऊन परत.