गोष्टीतून काय शिकलीस?

२०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय झाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. तेवढ्या दिवसांत आमच्या पुण्याच्या नातेवाइकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप धुमसत होता. टोरांटोत बसून मीही मराठीच्या बाजूने तावातावाने लिहीत होतो. मग डिसेंबरात कोथरूडला आलो.

एका रात्री चार वर्षांच्या लेकीला मॉरिस सेंडाकचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे मॅक्सचं पुस्तक वाचून दाखवत होतो. १९६३चं, अमेरिकन. लांडग्याचा वेश करून दंगा घालणाऱ्या मॅक्सला आई न जेवता झोपायला पाठवते. खोलीत जंगल उगवतं, तो होडीतून जाऊन अक्राळविक्राळ प्राण्यांचा राजा होतो. परततो तेव्हा ताट वाट बघत असतं, गरमच. इंग्रजीत सगळे मिळून ३३८ शब्द. मी वाचता वाचता मराठी करतो. राजा झाल्यावर तो जो हुकूम सोडतो, त्याला ‘धुडगूस’ असा काही बसतो की वाटावं मूळ शब्द हाच. पुढे तीन जोडपानांवर एकही अक्षर नाही, नुसता नाच आणि झाडांना लोंबकळणं. तिथे लेक माझ्या तोंडावर हात ठेवते.

आई ऐकत होती. म्हणाली, ‘पोराला उपाशी झोपवणारी कसली रे ही आई?’ १९६९मध्ये ब्रूनो बेटलहाइम या मानसतज्ज्ञाने हाच आक्षेप घेतला होता, तोही पुस्तक न वाचता. आईने निदान ऐकलं तरी होतं. मग तिने नातीला विचारलं, ‘काय शिकलीस गोष्टीतून?’ लेकीने पुस्तक मिटलं.

ग्रुपवर कोण कुठल्या बाजूचा होता हे विसरा. गोष्टीला तात्पर्य हवं यावर सगळ्यांचं एकमत निघेल. पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात, चित्रांची पुस्तकं मागितली, तर पहिला प्रश्न, ‘कितवीत आहे?’ अजून शाळेतच नाही म्हटल्यावर अक्षरं गिरवायची वही पुढे आली. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आत होती. पुण्यातच राहणाऱ्या लेखिकेची, पण नाव घेऊन मागावी लागली.

टोरांटोत सार्वजनिक ग्रंथालयाच्या १०० शाखा आहेत. पिशवी भरून आणा, उशीर झाला तरी दंड नाही. पण तिथेही तात्पर्य सुटलेलं नाही. ‘मॅक्सला कसं वाटलं असेल?’ असा मवाळ वेश करून येतं. आणि धुडगूस म्हणजे काय हे तिथे लेकीला सांगणारे आम्ही दोघंच. कोथरूडला तो शब्द ती जिन्यातल्या पोरांबरोबर दोन दिवसांत वापरायला लागली.

सेंडाकने ते प्राणी लहानपणी रविवारी घरी येणाऱ्या नातेवाइकांवरून काढले होते. पिवळे दात, गालगुच्चे, ‘खाऊन टाकू तुला!’ निघायच्या आदल्या दिवशी माझी आत्या आली. लेकीचा गाल ओढत म्हणाली, ‘खाऊनच टाकते गं तुला!’ लेक माझ्या कानाशी आली.

‘बाबा, हिचे दात बघ.’