नाव पावतीवर असावं, भिंतीवर नको

गेल्या रविवारी साडेआठच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आमच्या पॅरिशच्या (चर्चच्या विभागाच्या) हॉलमध्ये शिक्षण निधीची मीटिंग झाली. बाहेर पाऊस कोसळत होता, तरी साठ-सत्तर माणसं थांबली, याचंच मला बरं वाटलं. ठरलं ते असं: २० लाखांचा कायम निधी उभा करायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षी गरजू मुलांची फी भरायची. इथपर्यंत सगळे एका आवाजात हो म्हणाले. मग एक सूचना आली. लाखाच्या वर देणाऱ्याचं नाव चर्चच्या दाराशी ग्रॅनाइटच्या पाटीवर कोरायचं आणि नाताळच्या कार्यक्रमात त्याच्याच हस्ते मुलांना चेक द्यायचे. टाळ्या पडल्या. मी हात वर करून विरोध केला. पण वेळ थोडा होता, माझा आवाजही चढला, आणि मनातलं नीट सांगता आलं नाही. ते इथे लिहितो. ठाण्यातल्या, नवी मुंबईतल्या माझ्या कॅथलिक भावंडांनी वाचावं, आणि इतरांनीही, कारण ही गोष्ट फक्त आमच्यातली नाही.

१९८६ साल. मी आठवीत होतो. आम्ही ठाण्यात चरईत दोन खोल्यांत राहायचो. बाबांचा कारखाना वागळे इस्टेटमध्ये, आणि तिथे टाळेबंदी होऊन सात महिने झाले होते. आई उन्हाळ्यात लोकांच्या घरी बाटली मसाला कुटायला जायची, पावसाळ्यात तेही काम नसायचं. माझी फी थकली. शेजारच्या मावशींनी आईला चर्चमध्ये अर्ज करायला सांगितलं, अर्ज मंजूर झाला. नाताळच्या आदल्या रविवारी आम्हा नऊ मुलांची नावं माइकवरून पुकारली. स्टेजवर माझ्या हातात पाकीट आलं, देणगीदारांनी खांद्यावर हात ठेवला आणि फोटोग्राफर म्हणाला, “बाळा, पाकीट जरा वर धर, दिसू दे.” मी वर धरलं. तिसऱ्या रांगेत माझ्याच वर्गातला एक मुलगा आईवडिलांबरोबर बसला होता. तो हसला नाही, काही बोलला नाही, नुसता बघत होता. त्यानंतर शाळा सुटेपर्यंत मी त्याच्याशी धड बोललो नाही.

पाकिटात तीनशे रुपये होते. वर्षाची फी भरली गेली, वह्या आल्या. ज्यांनी ते दिले ते गृहस्थ खरंच भले होते, त्यांच्यासाठी मी आजही प्रार्थना करतो. पण पुढच्या वर्षी गरज तेवढीच असताना आईने अर्ज केला नाही. कानातल्या कुड्या मोडल्या. २०११ साली आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, तो फोटो मिळाला. तिने तो फाडला नव्हता, आणि अल्बममध्येही लावला नव्हता.

म्हणून चेक, स्टेज आणि फोटो हे तीन शब्द एकत्र आले की मला स्वस्थ बसवत नाही.

गेली नऊ वर्षं मी गरिबांना मदत करणाऱ्या संत व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीच्या कामात आहे. आम्ही दोघं-दोघं मिळून घरोघरी जातो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली: ज्याला सगळ्यात जास्त गरज असते, तो सगळ्यात शेवटी फॉर्म भरतो, किंवा भरतच नाही. घोडबंदर रोडच्या बाजूला एका घरी गेलो होतो. नवरा आजारी, मुलगी बारावीत, हुशार. आम्ही फॉर्म दिला. त्या ताई वाचता वाचता थांबल्या. “मुलीचा फोटो कशाला लागतो?” मी म्हणालो, “रेकॉर्डसाठी.” त्यांनी फॉर्मची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. चहा मात्र घ्यायला लावला. मुलगी बारावीनंतर मॉलमधल्या दुकानात कामाला लागली. तो फॉर्म आम्हीच छापला होता.

ही सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली. फ्रेडरिक ओझानम तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा विद्यार्थी होता, आणि त्याचे बहुतेक सोबती त्याच्याच वयाचे. त्यांच्या काळापासून चालत आलेली एक रीत आम्ही अजून पाळतो. मीटिंगच्या शेवटी एक कापडी थैली फिरते. प्रत्येक जण बंद मूठ आत घालतो आणि मोकळी बाहेर काढतो. कोणी पाचशे टाकले, कोणी दहा, हे कोणालाच कळत नाही. ज्याच्याकडे त्या आठवड्यात काहीच नसतं, त्याचीही मूठ आत जाते. मला या थैलीएवढी देखणी दानपेटी दुसरी माहीत नाही.

कायम निधी म्हणजे माझ्या मनात हीच थैली आहे, फक्त मोठी आणि न संपणारी. एकदा सगळ्यांचे पैसे मुद्दलात मिसळले की कोणाच्या शंभर रुपयांचं व्याज कोणत्या मुलीच्या फीला गेलं हे कोणी सांगू शकत नाही. देणारा गेला तरी फी भरली जाते. घेणाऱ्या मुलाला रस्त्यात कोणाला पाहून मान खाली घालावी लागत नाही. माझ्यासाठी कायम निधीचा सगळ्यात मोठा गुण हा आहे, व्याजाचा दर नंतर. आणि पाटी लावून, स्टेजवर चेक देऊन आपण नेमका हाच गुण घालवणार आहोत.

आता पैशाचं बोलतो, कारण मीटिंगमध्ये ‘एकदा वीस लाख झाले की सुटलो’ असा सूर होता. तसं होत नाही. समजा ठेवीवर ७ टक्के व्याज मिळालं. २० लाखांवर वर्षाचे १ लाख ४० हजार. आयकराचा नियम असा की ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले निदान ८५ टक्के त्याच्या कामावर खर्च करायचे, १५ टक्के बाजूला ठेवता येतात. म्हणजे २१ हजार मुद्दलात परत टाकता येतील आणि १ लाख १९ हजार फीला. एका मुलाची फी १७ हजार धरली तर सात मुलं. सातच. आणि मुद्दल वाढलं जेमतेम एक टक्का, फी त्याहून कितीतरी वेगाने वाढणार. दहा वर्षांनी याच निधीतून चार मुलांचीही फी भरणं अवघड होईल. त्यामुळे या निधीत दरवर्षी भर पडतच राहायला हवी, आणि ती भर एका मोठ्या देणगीदारावर टाकून चालणार नाही. चारशे कुटुंबांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर ५० महिन्यांत २० लाख होतात. पाटी लावली तर कदाचित दीड वर्षात होतील. तरी मी ५० महिने थांबायला तयार आहे, कारण त्या चारशे घरांना सवय लागलेली असेल आणि एकावन्नाव्या महिन्यातही शंभर रुपये येतील. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेला घराघरातून मूठ-मूठ धान्य मिळायचं, मुष्टिफंड म्हणायचे त्याला. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यातली मुलं त्या मुठींवर शिकली.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. देताना देणगीच्या कार्डावर ‘ही रक्कम कायम निधीत जमा करावी’ असं स्पष्ट लिहा. हे न लिहिता दिलेले पैसे ट्रस्टचं त्या वर्षाचं चालू उत्पन्न धरले जातात, आणि मग ते साठवायला नाहीत, खर्च करायला येतात. एक ओळ राहिली म्हणून मुद्दल खर्ची पडलं असं व्हायला नको.

नाव नको म्हणतो, तर निनावी द्यायचं का? नाही. धर्मादाय ट्रस्टला एका मर्यादेपुढच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर लागतो, आणि मुलांच्या पैशातून तो का भरायचा? नाव, पत्ता, पॅन सगळं द्या, पावती घ्या, वहीत नोंद होऊ दे. नाव पावतीवर असावं. भिंतीवर नको एवढंच माझं म्हणणं.

मीटिंगमध्ये एका अंकलनी ८०जीबद्दल, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीबद्दल, विचारलं, बरोबर विचारलं. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांना अशा देणगीवर सवलत मिळू शकते, दोन हजारांवर रोख दिलं तर मिळत नाही. पण एकाच धर्माच्या लोकांच्या भल्यासाठी चालवलेल्या ट्रस्टला ती सवलत नसते. हे ऐकून काहींचे चेहरे पडले. मला उलट आनंद झाला. निधी सगळ्या मुलांसाठी खुला असावा असं मला कर वाचवण्यासाठी वाटत नाही. बाबांच्या कारखान्याच्या टाळेबंदीत आमच्या घरी डाळ-तांदूळ आणून देणारे वाणी कॅथलिक नव्हते. आमच्या शाळांमध्ये शिकणारी बहुतेक मुलं कॅथलिक नाहीत. फी थकलेल्या मुलाला त्याचा बाप्तिस्मा झालाय का हे विचारणारा निधी मला नको.

एका ज्येष्ठ मावशींनी मात्र मला विचारात पाडलं. त्या म्हणाल्या, “आज पोरं उपाशी असताना पैसा बँकेत ठेवायचा? रानातला मान्ना साठवला तर त्यात किडे पडले. आणि कोठारं मोठी करणाऱ्या त्या श्रीमंताला देव काय म्हणाला?” खरं आहे. मान्ना म्हणजे देवाने रानात लोकांना रोजच्या रोज दिलेलं अन्न. आणि लूकच्या शुभवर्तमानातला तो श्रीमंत, ज्याला देवाने ‘मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव जाईल’ म्हटलं, मीही विसरू शकत नाही. पण त्याने साठवलं ते स्वतःच्या जिवासाठी, खा, पी, मजा कर म्हणून. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफनेही साठवलं, सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा, आणि दुष्काळात कोठारं उघडून सगळ्यांना जगवलं. फी ही दुष्काळासारखी दरवर्षी येते, बारा-पंधरा वर्षं येत राहते. एका नाताळच्या पाकिटाने ती भागत नाही. भूक आणि औषध यांचं तसं नाही, ते आजचं आजच. म्हणून माझी मागणी आहे की दर रविवारी गरिबांसाठी जमतं त्यातला एक रुपयाही या निधीकडे वळवू नये. मावशी, तुमचं म्हणणं मी तेवढं मानलं आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका पॅरिशमध्ये आजारी माणसांच्या उपचारासाठी म्हणून निधी गोळा झाला होता. मीही दिले होते. दोन वर्षांनी तिथे सणाला गेलो तर हॉलला नवी फरशी, आणि त्या निधीचं विचारलं तर कोणी डोळ्याला डोळा देईना. तेव्हापासून तिथले कितीतरी लोक हात आखडता घेतात. चर्चचा कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. कॅनन, म्हणजे त्या कायद्याचं कलम, १२६७ सांगतो की ज्या कारणासाठी दिलं त्याच कारणासाठी वापरायचं. कॅनन १२८७ सांगतो की भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यायचा. प्रत्येक पॅरिशला फायनान्स कमिटी असलीच पाहिजे हे ५३७ व्या कॅननमध्ये आहे. सरकारी बाजूने धर्मादाय आयुक्तांकडे तपासलेले हिशेब जातातच. माझी विनंती एवढीच की तोच हिशेब सोप्या मराठीत एका पानावर दरवर्षी चर्चच्या दाराशी लागावा: मुद्दल किती, व्याज किती, किती मुलांची फी भरली. मुलांची नावं नकोत, आकडा पुरे. फी सरळ शाळा-कॉलेजच्या खात्यात जावी. त्या दाराशी ग्रॅनाइटची जागा आहे ना, तिथे हे पान लावा.

ज्यांनी पाटीची सूचना केली त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. ते याआधी छप्पर दुरुस्तीसाठी दारोदार फिरले आहेत, लोक कशाने हात सैल सोडतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आपल्या गेलेल्या माणसाचं नाव कुठेतरी राहावं ही इच्छा तर मलाही आहे. त्यासाठी एक सुचवतो. आपल्याकडे कोणी गेलं की पुष्पचक्रं येतात, दुसऱ्या दिवशी ती कबरीवर सुकून जातात. फुलांऐवजी त्या माणसाच्या स्मरणार्थ निधीत द्या. नोव्हेंबरमध्ये मृतांसाठी मिस्सा होते तेव्हा वर्षभरातली ती सगळी नावं वेदीपुढे वाचली जावीत, शंभर रुपयेवाल्याचं आणि लाखवाल्याचं एकाच दमात, रक्कम न सांगता. माझ्या आईच्या नावाने पहिलं कार्ड मी भरलं आहे.

यरुशलेमच्या मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणारी विधवा येशूने पाहिली आणि शिष्यांना दाखवली. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्क आणि लूक दोघांनी तिची गोष्ट लिहिली, तिचं नाव मात्र दोघांनीही लिहिलं नाही.

मीटिंगमध्ये एक गोष्ट मान्य झाली: फॉर्मवरचा फोटोचा रकाना काढला. त्या घोडबंदरच्या ताईंकडे मी नवा फॉर्म घेऊन जाणार आहे, त्यांचा धाकटा यंदा दहावीत आहे. पाटीचा आणि स्टेजचा निर्णय येत्या रविवारी, साडेआठच्या मिस्सानंतर, त्याच हॉलमध्ये. ज्यांना उभं राहून बोलायला संकोच वाटतो त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्याकडे द्या. मी वाचून दाखवीन, कोणाची आहे ते न सांगता.